नवीन लॉनमध्ये दुसरंच गवत माजलंय, पेंडिमेथॅलिन मारू का?

तुम्ही लिहिलंय की बर्म्युडाच्या (लॉनच्या गवताची एक जात) काड्या लावून महिना-दीड महिना झाला, निम्मी जमीन अजून उघडीच आहे, तिथे लॉनच्या दुप्पट वेगाने भलतंच गवत आलंय आणि कोणीतरी सांगितलं की पेंडिमेथॅलिन मारून टाका. तर आधी स्पष्ट सांगतो, नका मारू. आत्ता तर अजिबात नको.

पेंडिमेथॅलिन काय किंवा प्रोडायमिन काय, ही उगवणपूर्व तणनाशकं आहेत. मातीच्या वरच्या थरात बसून राहतात आणि तिथे येणाऱ्या कोवळ्या मुळीच्या टोकाला वाढूच देत नाहीत. म्हणजे जे गवत ऑलरेडी वर आलंय आणि जे तुम्हाला खुपतंय, त्याला काही होत नाही, फक्त जमिनीत पडलेलं पुढचं बी अडतं. आणि तुमचं लॉन पसरतं कसं, तर रनर, म्हणजे त्याची आडवी दांडी, जमिनीवरून पुढे सरकतो आणि पेरापेराला खाली मुळी सोडतो, ती मुळी नेमकी त्याच औषधाच्या थरात शिरते. असं औषध पडलेली नवी लॉनं मी बघितली आहेत, वरून हिरवंगार दिसतं, रनर पण चांगले हातभर लांब, पण बोटाने उचलला की सुटलेल्या टाक्याच्या दोऱ्यासारखा अख्खा वर येतो, आणि पेर उलटं करून बघितलं तर मुळीच्या जागी आखूड, टोकाला जाड झालेले खुंट. असं लॉन महिनोन्महिने तिथेच अडून राहतं आणि तोवर रिकाम्या जागेत तण हातपाय पसरतं.

मुळात अडचण अशी आहे की लॉन पण गवत आणि तण पण गवत, दोघांनाही ऊनच आवडतं. रुंद पानाचं तण असेल तर फवारून वेगळं काढता येतं, इथे औषधाला दोघांतला फरक फारसा कळत नाही. त्यामुळे पहिल्या सीझनला तण शून्यावर आणायच्या नादाला लागू नका, जमीन लवकर झाकणं एवढंच ध्येय ठेवा. एकदा दाट गालिचा झाला की खाली ऊन पोचत नाही आणि यातलं बहुतेक गवत उगवतच नाही.

आता करायचं काय? आधी खाली बसून नीट बघा की आलंय काय. फिकट हिरवं, लॉनपेक्षा रुंद पान, एका ठिकाणाहून चांदणीसारखं चारी बाजूंना पसरलेलं असेल तर ते क्रॅबग्रास. मधला बुंधा चपटा, पांढरट चंदेरी आणि उपटायला जाम कठीण, कणीस थोडं नाचणीच्या बोटांसारखं, तर ते गूजग्रास. ही दोन्ही वर्षायू, म्हणजे वर्षभरात मरणारी, बी पडलं नाही तर यांचा खेळ तिथेच संपतो. पण खोड बोटात फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, गवतच नाही, त्याच्या जमिनीत गाठी असतात आणि वरून ओढून काही उपयोग नाही, गाठी मागे राहतात आणि पुन्हा फुटतो. त्याला हॅलोसल्फ्युरॉनसारखं वेगळं औषध लागतं आणि ते सुद्धा लॉन नीट धरल्यावर.

वर्षायू गवताला सगळ्यात भारी उपाय म्हणजे कापणी. रनर ओढून सहज निघत नाहीत आणि जमीन मशीन पेलण्याइतकी घट्ट झालीय असं वाटलं की लगेच सुरू करा, तीन-चार सेंटीमीटरवर, दर चार-पाच दिवसांनी, ब्लेड धारदार पाहिजे नाहीतर कोवळे रनर उपटून येतात. बर्म्युडा कापल्यावर आडवं पसरतं, उभं वाढणारं तण मागे पडतं. क्रॅबग्रास मात्र चिवट आहे, खाली चिकटून पण कणीस काढतं, म्हणून त्याचे मोठे ठोंब पाणी दिल्यानंतर ओल्या मातीत खुरप्याने मुळासकट काढा, आणि कणसं दिसत असतील तर कापलेलं गवत तिथे पडू देऊ नका.

खताचं बरेच जण विसरतात आणि मला वाटतं निम्मं काम तिथेच आहे. बर्म्युडाला पसरताना नत्र भरपूर लागतं, महिन्याला एका चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे युरिया ११ ग्रॅमच्या आसपास, १०० चौरस मीटरला १.१ किलो. एकदम टाकू नका, दोन हप्त्यांत द्या, पानं कोरडी असताना, आणि लगेच पाणी, नाहीतर पानं जळतात. झोयशिया जातीचं लॉन असेल तर निम्मंच पुरे. पाण्याचं पण तेच, सुरुवातीला थोडं थोडं वारंवार ठीक आहे पण मुळं धरल्यावर सुद्धा माती कायम ओली ठेवलीत तर तणाचीच सोय होते, तेव्हा खोल आणि उशिरा उशिरा द्या.

औषधच मारायचं असेल तर क्विनक्लोरॅक हा एक पर्याय आहे, क्रॅबग्रासवर चालतं आणि बर्म्युडा ते सहन करतं, थोडे दिवस पिवळं पडेल. गूजग्रासवर मात्र चालत नाही, आणि सेंट ऑगस्टिन किंवा सेंटिपीड जातीचं लॉन असेल तर हात पण लावू नका. मेसोट्रायोन कोणी सुचवलं तर नको, बर्म्युडा पांढरं पडतं. कुठलंही असो, लेबलवर लॉन आणि तुमची जात दोन्ही लिहिलेली असतील तरच घ्या, आणि लेबलवरचाच डोस. पेंडिमेथॅलिनची वेळ पुढच्या सीझनला येईल, पूर्ण जमीन झाकल्यावर आणि तणाचं बी उगवायच्या आधी.

तुम्ही म्हणताय मागची बाजू अजून लावायची आहे, तिथे तर चांगली संधी आहे. जमीन सपाट करून घ्या आणि लॉन लावलंय असं समजून पाणी सुरू करा. दोनेक आठवड्यांत तणाची पहिली झुंबड येईल, ती मारा, ग्लायफोसेट या सगळंच हिरवं मारणाऱ्या तणनाशकाने (तुमच्याकडे वापरायला परवानगी असेल तर) किंवा वरवर खुरपून, दोन-तीन सेंटीमीटरच्या खाली जाऊ नका, खोल खणलं की खालचं झोपलेलं बी वर येतं. परत पाणी, परत मारा, असं दोन-तीनदा. कडक उन्हाचे दिवस हाताशी असतील तर ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक, काळं नाही, कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवा, बरंचसं बी शिजून मरतं, लव्हाळ्याच्या गाठी तेवढ्या वाचतात. नीट न कुजलेलं शेणखत किंवा बाहेरची माती त्यावर पसरू नका, सगळी मेहनत वाया जाते, त्यातूनच नवीन बी येतं. काड्या दहा-पंधरा सेंटीमीटरवर दाट लावा. या भागात काड्या लावतानाच औषध हवं असेल तर ऑक्साडायझॉन बघा, ते मुळीवर नाही तर उगवणाऱ्या कोंबावर काम करतं, म्हणून रनरची मुळं अडत नाहीत. पण बी पेरून लॉन करणार असाल तर ते पण नको, तुमचंच बी मरेल.