टाउनशिपमध्ये घर घेताना

प्रश्न : पुण्याबाहेरच्या एका मोठ्या टाउनशिपमध्ये आम्ही घर पाहिले आहे. माहितीपत्रकात शाळा, क्लबहाउस, तलाव असे सारे आहे. मात्र आज फक्त दोन इमारती उभ्या आहेत. घर घ्यावे का?

उत्तर : माहितीपत्रकापेक्षा महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील नोंद आधी वाचा. अशा वसाहतींच्या प्रत्येक टप्प्याची नोंदणी बहुधा स्वतंत्र असते, त्यामुळे चित्रातले क्लबहाउस तुमच्या टप्प्यात मोडते की पुढच्या, आणि त्याच्या पूर्ततेची तारीख कोणती, हे तिथेच कळते. मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा झाल्यास 2016 च्या रेरा कायद्यानुसार दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. पण जे आराखड्यात नव्हतेच, त्यासाठी भांडणार कसे? नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका.

पाण्याचे मात्र कागदावर समजत नाही. एखाद्या सकाळी सात वाजता फाटकाशी उभे राहून टँकर मोजा, आणि राहायला आलेल्यांना देखभाल खर्चाची शेवटची पावती दाखवायला सांगा. विक्री कार्यालयातला आकडा (आमच्या अनुभवाने) नेहमी थोडा लाजराच असतो.