ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किर्र आवाज येतो. ब्रेक पॅड घरी बदलता येतील का, की गॅरेजलाच न्यावी लागेल?

येतील. ज्याला स्टेपनी बदलता येते आणि ज्याला घाई नाही, त्याला पुढच्या डिस्क ब्रेकचे (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबणारे) पॅड बदलणं जमायला हरकत नाही. पण आवाज येतोय म्हणजे पॅडच संपले, असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतंय. ते आधी बघून घ्या.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होऊन मग बंद होत असेल, तर तो डिस्कवर रात्रीतून चढलेला गंजाचा पातळ थर असतो. पावसात किंवा गाडी धुऊन उभी केली की हे हमखास होतं, त्याकडे लक्ष देऊ नका. कानात शिरणारी बारीक शिट्टी रोजच येत असेल, तर पॅड झिजल्याची शक्यता जास्त. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. मटेरियल कमी झालं की ती डिस्कला टेकते आणि ओरडते, तिचं कामच ते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी जाड घरघर येत असेल, तर मात्र गाडी जागची हलवू नका. तेव्हा पॅडमागची पट्टी डिस्क कोरत असते.

नव्या पॅडवर साधारण 10 ते 12 मिमी मटेरियल असतं. ते 3 मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. चाकाच्या फटीतून मोबाईलचा उजेड मारला की बाहेरचा पॅड दिसतो, आणि बरेच जण तेवढं बघून "अजून आहेत की" म्हणून मोकळे होतात. आतल्या बाजूचा पॅड तिथून दिसत नाही. बाहेरचा अर्धा शिल्लक आणि आतला पार पट्टीला टेकलेला, असं मी पाहिलेलं आहे. म्हणून चाक काढून दोन्ही बघा.

दोघांत असा फरक दिसला, तर दुखणं पॅडचं नाही, कॅलिपरचं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं आहे. बहुतेक गाड्यांना पुढे सरकता कॅलिपर असतो. एकच पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन सुकून जाम झाली की कॅलिपर सरकत नाही आणि आतला पॅड एकटाच झिजतो. दोनातली एकच पिन जाम असेल, तर पॅड पाचरीसारखा तिरका झिजतो. कधी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते, कधी एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापतं. नवे पॅड टाकून यातलं काहीच सुटत नाही.

हे काम घरी करण्यात खरा फायदा मला इथेच वाटतो. गर्दीच्या गॅरेजमध्ये पॅड काढले, नवे लावले, पुढची गाडी. पिना बाहेर काढून पुसायला कुणाला वेळ असतो? तुम्हाला आहे. पिन रबरी बुटातून (पिनेवरच्या रबरी टोपणातून) ओढून काढा. चांगली पिन बोटाने सहज सरकते आणि तिच्यावर ग्रीसचा ओला थर असतो. वाईट पिनवर तपकिरी, चिकट राप बसलेला असतो, कधी गंजाचे खड्डे पडलेले असतात. राप ब्रेक क्लीनरने पुसून काढा; खड्डे पडले असतील तर पिनच नवी घ्या. ग्रीस ब्रेकसाठीचं, सिलिकॉनचंच लावा. हाताशी असलेलं साधं ग्रीस लावलं की बुटाचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. आणि कुठली पिन वर होती, कुठली खाली, त्याचा फोटो काढून ठेवा, कारण काही गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात.

आता प्रत्यक्ष काम. सपाट, कडक जमीन हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅकने फक्त उचलायचं. गाडी टेकवायची जॅक स्टँडवर, म्हणजे पक्क्या लोखंडी घोडीवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. क्लीनर आणि फडकं वापरा.

कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. पिस्टन आत ढकलायला जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्प (स्क्रूचा शिकंजा) हळूहळू आवळा. पिस्टन आत जातो तसं बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं. आधीच कुणी काठोकाठ भरून ठेवलं असेल तर ते सांडेल आणि रंग खाईल. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. डिस्कची जाडी मोजा. कमीत कमी किती हवी ते बहुधा डिस्कवरच कोरलेलं असतं. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदला. बाकी बोल्ट किती आवळायचे ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा, अंदाजाने नको.

पूर्ण कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण काम संपल्यावर येतो. पिस्टन आत गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबलं की ते सरळ तळाला जातं. तशीच गाडी गिअरमध्ये टाकली तर थांबायला ब्रेकच नसतो. म्हणून इंजिन चालू करण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत मारत राहा, मग डबीतली पातळी बघा आणि मगच गाडी हलवा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50-60 किमीवरून 10-15 पर्यंत, मध्यम जोराने, काही वेळा वेग कमी करा आणि मधे डिस्कला थंड व्हायला वेळ द्या. पॅड बसेपर्यंत ब्रेक जरा कमी पकडतो, तेव्हा पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं. पॅड झिजतात तशी डबीतली पातळी आपोआप खाली येते, म्हणून ती दिसली की वरून भरायची सवय नको. आधी पॅड बघा. पॅड चांगले असूनही पातळी घटत असेल तर कुठेतरी गळती आहे. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान 230 अंश सेल्सियसला उकळतं, ओल धरलेलं 155 च्या आसपास. लांब घाट उतरताना पेडल मऊ पडण्याचं हे एक कारण. सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी बदलतात, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलंय ते धरा. डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच भरा. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळायचं नाही.

ऑइल बदलणं, पाइपातली हवा काढणं, पाइप किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागाचं) काम मी पहिल्यांदा करणाऱ्याला सांगणार नाही. पाय दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू खाली जात राहिलं, किंवा डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला, तर गॅरेजच. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर त्याचा पिस्टन क्लॅम्पने ढकलू नका, आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो. मागे ड्रम असतील तर स्प्रिंगांचं जंजाळ असतं. उघडायचेच असतील तर एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बघून जोडता येईल.

चाक काढलंत की आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मोजा, पॅड सरळ झिजलाय की तिरका तेही बघा, आणि गाडीच्या मॉडेलसकट इथे लिहा. पिन अडकलीय की पिस्टन, ते त्यावरून बरंचसं सांगता येईल.