खरा काटा : गळाच्या स्पर्धा आणि वाचकांचे प्रश्न

गळाच्या स्पर्धांबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच खंत आहे : पहिला आलेल्या माणसाकडे लोक कौतुकाऐवजी संशयाने बघतात. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. तपासणी लबाडाला धरते हे खरं, पण तिची जास्त गरज प्रामाणिक विजेत्याला असते. तपासणीच झाली नसेल, तर आपला मासा खरा होता हे तो कुणाला पटवणार? म्हणून तपासणी सगळ्यांची, सारखी आणि आधी छापून दिलेल्या नियमांप्रमाणेच व्हायला हवी.

अमेरिकेत माशांच्या पोटात शिसं सापडल्याचा व्हिडिओ अजून फिरतो. तो खरा आहे का? खरा असेल तर लबाडी इतका वेळ लपली कशी? (एक वाचक, दापोली)

खरा आहे. 30 सप्टेंबर 2022 रोजी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला, ईरी सरोवराच्या काठी हा प्रकार घडला. वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाची स्पर्धा होती आणि पाच माशांचं एकत्र वजन धरायचं होतं. एका जोडीचे पाच मासे 33.91 पौंड, म्हणजे साधारण 15.4 किलो भरले. स्पर्धेच्या संचालकांना ते पाच मिळून 20 पौंडांच्या, म्हणजे 9 किलोंच्या आसपास वाटत होते. त्यांनी पोट चाचपलं तर आत टणक गोळा लागला. सगळ्यांसमोर मासे फाडले, तेव्हा शिशाची दहा वजनं निघाली आणि दुसऱ्या माशांच्या कापलेल्या तुकड्याही. बक्षीस 28 हजार डॉलरच्या वर होतं. दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. मे 2023 मध्ये प्रत्येकी दहा दिवस कैद आणि दंड झाला, मासेमारीचा परवाना तीन वर्षं स्थगित झाला आणि सुमारे एक लाख डॉलरची बोट जप्त झाली.

लपलं कसं, याचं उत्तर शिशाच्या घनतेत आहे. त्या वजनांपैकी मोठं वजन 12 औंसांचं, म्हणजे 340 ग्रॅमचं होतं. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड, त्यामुळे 340 ग्रॅम शिशाला जागा लागते जेमतेम 30 घनसेंटिमीटर. एक छोटं लिंबू समजा. तेवढ्याच जागेत माशाचं मांस भरलं तर ते 30 ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणजे मासा बाहेरून फुगलेला दिसत नाही आणि काटा मात्र पाव किलोहून जास्त पुढे सरकतो. सोबत तुकड्या कोंबल्या की वजनात भर पडते आणि शिसं आत खुळखुळतही नाही.

पोट फाडल्यावर काय बघायचं, हे आयोजकांनी नीट समजून घ्यावं. माशाने स्वतः गिळलेला बोईटासारखा छोटा मासा असेल तर त्याला डोकं असतं, काटे असतात, कातडी पचून पांढुरकी होत आलेली असते. सुरीने कापलेल्या तुकडीची कड सरळ असते आणि डोकं-शेपटी कुठेच नसते. पोटात कोळंबी, खेकड्याचे तुकडे, क्वचित एखादा जुना गळ सापडणं अगदी स्वाभाविक आहे. त्यावरून कुणाला दोषी धरू नये.

शिक्षेबद्दलही विचारणा झाली आहे. टेक्सासमध्ये यासाठी वेगळा कायदाच आहे. बक्षीस 10 हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर तिथे लबाडीला दोन ते दहा वर्षांची कैद होऊ शकते. आपल्याकडे असा खास कायदा नाही, पण फसवून बक्षीस घेणं ही फसवणूकच आहे आणि ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येऊ शकते.

आमच्या मंडळाची खाडीकाठची स्पर्धा असते. साठेक जण येतात, पहिलं बक्षीस 25 हजार. जिताडा तळ्यातून किंवा बाजारातून आणला अशी कुजबुज दर वर्षी होते. नेमकं काय तपासायचं? (मंडळाचे कार्यकर्ते, अलिबाग तालुका)

तुमच्या भागात ही शंका येणारच. अलिबाग-पेणकडे तळ्यांत जिताडा वाढवतात, तेव्हा पहाटे तयार मासा मिळवणं अवघड नाही. काट्यावर आलेल्या माशाकडे बघून तो कुठला हे ठरवणं मात्र अवघड आहे. म्हणून बंदोबस्त काट्यापाशी नको, आधीच करा.

सगळ्यात खात्रीची पद्धत ब्रिटनमधल्या नदीकाठच्या स्पर्धांत दिसते. तिथे बसायची जागा चिठ्ठी काढून मिळते, मासे पाण्यातल्या लांब जाळीत जिवंत ठेवतात आणि काटा त्या माणसाच्या जागेवर जातो. मासा घेऊन कुणी कुठे फिरतच नाही. खाडीकाठी हे तुम्हाला सहज जमेल. बांधावर आठ-दहा पावलांवर क्रमांकाच्या खुंट्या ठोका आणि सकाळी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. चांगल्या जागेवरून होणारं भांडणही त्यातच मिटतं. दहा-बारा खुंट्यांमागे एक पंच नेमा. हा पंच त्या पट्ट्यातल्या कुणाचा भाऊ, मेहुणा किंवा भागीदार नसावा.

स्पर्धा सुरू होण्याआधी प्रत्येकाची बर्फाची पेटी, पिशवी, बादली उघडून बघायची. होडी असेल तर फळीखालची जागाही बघायची. पुढाऱ्याचीसुद्धा पेटी उघडायची. एकाची सोडली की बाकीच्यांची उघडणं हा त्यांचा अपमान ठरतो.

मासा लागला की हाक मारून पंचाला बोलवायचं. पंच यायच्या आत मासा आलाच, तर शेजारच्या खुंटीवाल्याची सही घ्यायची. पंच कल्ल्यातून क्रमांकाची प्लॅस्टिक पट्टी ओवतो आणि वेळ लिहून घेतो. पट्टी मासा आल्यावर पंचानेच लावायची. आधी वाटून ठेवली तर तिचा काही उपयोग नाही.

माशाच्या अंगावरच्या खुणाही बघा. जाळ्यात अडकलेल्या माशाच्या कल्ल्यामागे दोऱ्याचा वळ उठतो आणि त्या रेषेत खवले गेलेले असतात. जिवंतपणी लागलेल्या गळाच्या जखमेत रक्त असतं. मेल्यावर टोचलेली जखम फिकी राहते. मासा ताठ झाला आहे की नाही यावर मात्र भरवसा ठेवू नका. उन्हात, बर्फात, लहान-मोठ्या माशात ताठरपणा येण्याची वेळ फार बदलते, आणि सकाळी खरोखर पकडलेला मासा दुपारपर्यंत ताठ होऊ शकतो.

आता वजन. वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटा आणि त्याच विभागाचं मुद्रांकित 5 किलोचं वजन आणा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ते वजन काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहा. काटा वाऱ्याच्या आडोशाला, घट्ट सपाट फळीवर ठेवा. एक चूक हमखास होते ती टोपलीची. पहिल्या माशाआधी टोपली कोरडी असते. दहाव्या माशापर्यंत तिच्यात पाणी आणि चिकटा साचून ती बरीच जड झालेली असते. काटा एकदाच शून्यावर आणला असेल, तर मागून येणाऱ्याला ते सगळं फुकट मिळतं. प्रत्येक माशाआधी टोपली उपडी करून झटका, मग पुन्हा शून्य करा. मासा शेपटीला धरून, तोंड खाली करून दहा सेकंद निथळू द्या. आकडा दोघांनी मोठ्याने वाचायचा आणि दोन प्रतींत लिहायचा, एकीवर स्पर्धकाची सही.

वजनाबरोबर लांबीही मोजा. याला पैसा लागत नाही आणि उपयोग मोठा होतो. एकाच जातीच्या माशांचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ग्रॅममधल्या वजनाला 100 ने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. समजा, 52 सेंमीचा मासा 1.6 किलो भरला, तर आकडा येतो 1.14. 60 सेंमी आणि 2.5 किलोला 1.16. 68 सेंमी आणि 3.6 किलोला 1.14. आणि 58 सेंमीचा एक मासा 2.9 किलो भरला, तर आकडा येतो 1.49. तो बाकीच्यांत बसत नाही. गाभोळी भरली असेल किंवा नुकतंच भक्ष्य गिळलं असेल तर आकडा थोडा वाढतो, पण एवढी उडी मारली तर पोट बघितलंच पाहिजे. हा आकडा म्हणजे निकाल नव्हे; कुठला मासा उघडायचा एवढंच तो सांगतो.

आमचा आग्रह असा की पहिल्या तीन क्रमांकांचे मासे संशय असो वा नसो, बक्षीस देण्याआधी परातीवर सगळ्यांसमोर फाडावेत. नियमपत्रिकेत तसं छापा. सगळ्यांचेच फाडतात म्हटल्यावर कुणाचा अपमान होत नाही. धातुशोधक यंत्र मदतीला चालेल, पण त्याला दगड, बर्फ आणि तुकड्या कळत नाहीत.

आणखी एक सुचवतो : 25 हजार एकालाच देण्याऐवजी दहा जणांत वाटा. मोह कमी होतो आणि पुढच्या वर्षी माणसं जास्त येतात. स्पर्धेत किमान लांबी ठेवताना महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी ठरवलेल्या किमान आकारांच्या खाली जाऊ नका.

आम्ही मासा मोजतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. यात फसवणूक होते का? (एक वाचक, पुणे)

होते. शिशाची जागा इथे मोजपट्टी घेते. आकाराने लहान करून छापलेली पट्टी किंवा मधला तुकडा कापून जोडलेला मोजायचा फळा वापरला की मासा दोन-तीन सेंमी लांब होतो. फळे आयोजकांनीच द्यावेत, नाहीतर सकाळी प्रत्येक फळा पोलादी टेपने शून्यापासून शेवटपर्यंत तपासून त्यावर सही करावी.

फोटोचे नियम असे ठेवा : फळा सपाट, माशाचं तोंड मिटलेलं आणि शून्यावरच्या उभ्या फळीला टेकलेलं, डावीकडे डोकं, अख्खी पट्टी दिसायला हवी, कल्ला आणि डोळा हाताने झाकायचा नाही. शेपटी चिमटीत मिटायची की नैसर्गिक ठेवायची, हे एकदाच ठरवा. यात सेंटिमीटरभराचा फरक सहज पडतो. फोन बरोबर वरून धरायचा, तिरका धरला की शेपटीचं टोक पुढच्या रेघेवर गेल्यासारखं दिसतं. माप मधेच आलं तर अर्ध्या सेंमीच्या आधीच्या रेघेवर धरा.

कालचा मासा आज दाखवता येऊ नये म्हणून सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधी एक सांकेतिक शब्द जाहीर करा. तो स्पर्धकाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून फोटोत ठेवायचा. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. एकच मासा दोनदा मोजला आहे का, हे खवल्यांवरचे डाग, परांच्या फाटक्या कडा आणि जुने व्रण जुळवून कळतं.

मासा ओल्या हाताने, ओल्या फळ्यावर ठेवा. उन्हात तापलेल्या कोरड्या फळ्यावर त्याच्या अंगावरचा चिकटा निघतो, आणि मग पोहत गेलेला मासाही नंतर मरू शकतो.

शार्कने चावा घेतल्यामुळे कोट्यवधींचं बक्षीस गेल्याचं वाचलं. यात त्या लोकांची काय चूक? (एक वाचक, वास्को)

लबाडी काहीच नव्हती. जून 2023, नॉर्थ कॅरोलिनातली बिग रॉक मार्लिन स्पर्धा. 619.4 पौंडांचा, म्हणजे 281 किलोंचा निळा मार्लिन (भाल्यासारख्या तोंडाचा मोठा समुद्री मासा) आणला गेला, पण त्याला शार्कसारख्या प्राण्याचा चावा लागलेला होता, म्हणून तो बाद झाला. सुमारे 35 लाख डॉलर गेले. आंतरराष्ट्रीय क्रीडा-मासेमारी संघटनेचा नियमच तसा आहे : मासा होडीत येण्याआधी दुसऱ्या प्राण्याने किंवा होडीच्या पंख्याने त्याचं मांस तोडलं किंवा भेदलं तर तो धरायचा नाही. कारण जखमी मासा पूर्ण ताकदीने झुंजत नाही. दोरीने पडलेले ओरखडे आणि जुने भरलेले व्रण मात्र चालतात.

आम्हाला हा निकाल योग्य वाटतो, कितीही जिवावर आला तरी. याच नियमांत, मासा लागल्यावर दुसऱ्याने रॉडला, रिळाला किंवा दोरीला हात लावला तर मासा बाद होतो. आपल्याकडे दमलेल्या मित्राचा रॉड धरणं म्हणजे मदत समजली जाते. मैत्रीत ठीक आहे. स्पर्धेत नियम आधी वाचा.

इथे विजेत्यांची पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची) चाचणी घेतात. भारतात घ्यावी का? (एक वाचक, न्यू जर्सी)

नको. मेरीलँडच्या ओशन सिटीतल्या व्हाइट मार्लिन ओपन या मासेमारी स्पर्धेत 2016 साली 28 लाख डॉलरचं बक्षीस अशा चाचणीनंतर अडलं. 2017 मध्ये न्यायालयाने ठरलेल्या वेळेआधी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आधीच गळ पाण्यात टाकल्याचं धरून निकाल विजेत्याच्या विरोधात दिला. तिथे चाचणीची अट प्रवेशपत्रातच होती. गावच्या स्पर्धेत एवढा खर्च करण्यापेक्षा दोन पंच वाढवा.

शंका आहे, पुरावा नाही. बोलावं का? (एक वाचक, मालवण)

बोला, पण मंडळाशी आणि लेखी. ग्रुपवर नाव टाकू नका. शंका खोटी निघाली तर त्या माणसाची अब्रू परत येत नाही. आयोजकांनी तक्रारीला वजनानंतर अर्धा तास द्यावा. सोबत 500 रुपये अनामत घ्यावी आणि तक्रार प्रामाणिक वाटली तर, ती सिद्ध झाली नाही तरी, परत करावी. तीन जणांची समिती स्पर्धेआधीच जाहीर करा. समितीने आधी स्पर्धकाचं म्हणणं ऐकावं, मग मासा त्याच्यासमोर उघडावा, आणि तो नकार देत असेल तर मासा बाद धरला जाईल हे नियमात असावं. तोवर मासा पट्टीसकट बर्फात, समितीच्या ताब्यात ठेवा आणि पेटीवर दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद चिकटवा. सही केलेला निकाल फलकावर लागल्यावरच मासा परत द्या.