लक्ष्य निवडण्यापूर्वी

रत्नागिरी

चि. विद्यार्थिमित्रास अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. हिवतापाच्या परजीवीत असलेली आणि माणसात नसलेली विकरे (पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, म्हणजे एन्झाइम्स) हेरून त्यांवर औषध बेतायचे, हा विचार योग्य आहे. मात्र एखादे विकर माणसात नाही, एवढ्यावरून ते परजीवीला अपरिहार्य ठरत नाही, आणि तुझी यादी बरीचशी याच गृहीतकावर उभी आहे.

प्युरीन आणि पिरिमिडीन हे डीएनएचे घटक. रक्तपेशीत वाढणारा प्लाझमोडियम, म्हणजे हिवतापाचा परजीवी, प्युरीन स्वतः तयार करत नाही, यजमानाकडून उचलतो. पिरिमिडीन मात्र त्याला स्वतःच घडवावे लागते. म्हणून प्रत्येक मार्गाबाबत आधी हे पाहा, की तो पदार्थ त्याला रुग्णाच्या रक्तातून आयता मिळतो का.

मेदाम्लांच्या बाबतीत हे उत्तर उशिरा मिळाले. २००१ साली बंगळुरूच्या संशोधकांनी जंतुनाशक साबणांत वापरले जाणारे ट्रायक्लोसान या परजीवीला मारते असे दाखवले, आणि मेदाम्ले घडवणारे एक विकर लक्ष्य म्हणून पुढे आले. पुढे त्या विकराचे जनुकच काढून टाकलेले परजीवी रक्तात बिनधोक वाढले, आणि ट्रायक्लोसानने तरीही मेले. म्हणजे औषधाचा घाव भलतीकडेच पडत होता. उंदरांच्या हिवतापात त्या विकराची गरज दिसली ती यकृतातील अखेरच्या टप्प्यात.

ॲटोव्हाक्वोन या हिवतापावरील औषधाची कथा निराळी आहे. ते परजीवीच्या तंतुकणिकेतील (पेशीतील मायटोकॉन्ड्रियातील) इलेक्ट्रॉनवहन अडवते. युबिक्विनोन या इलेक्ट्रॉनवाहक रेणूवाचून चालणारे, पिरिमिडीन घडवणारे यीस्टचे विकर बसवलेल्या परजीवींना २००७ सालच्या प्रयोगात हे औषध बाधेनासे झाले. त्यावरून रक्तावस्थेत तंतुकणिकेतील इलेक्ट्रॉनवहन मुख्यतः पिरिमिडीन घडवण्यासाठीच लागते, हे उघड झाले. (इतका देखणा प्रयोग क्वचित वाचायला मिळतो.) लक्ष्य असे पक्के असूनही त्या वहनातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाच्या जनुकातील एकाच बदलाने औषध निकामी होऊ शकते, म्हणून ते प्रोग्वानिल या दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात.

आता वेगाविषयी. आपल्याकडे चिरेखाणीवर रोजंदारी करणारा मजूर ताप उतरला की उरलेल्या गोळ्या ठेवून कामाला लागतो; सावकाश मारणारे औषध अशा वेळी परजीवी शिल्लक ठेवते. ॲटोव्हाक्वोन हे आर्टेमिसिनिन या हिवतापावरील दुसऱ्या औषधाच्या मानाने सावकाश मारते, आणि पिरिमिडीनचा मार्ग अडवणाऱ्या तुझ्या रेणूंचेही तसेच होण्याचा संभव आहे. त्यामुळे मारण्याचा वेग मोजणारा प्रयोग तिसऱ्या वर्षावर न ढकलता पहिल्या सहामाहीत घे, यादी दोन-तीन विकरांवर आण, आणि मगच आराखडा मार्गदर्शकांकडे पाठव.

कळावे.