कर्करोगाच्या मूळपेशींची राखण कोण करते?

प्रश्न : आईच्या अंडाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली, नंतरच्या तपासण्याही चांगल्या आल्या, तरी दीड वर्षाने आजार उलटला. ‘मूळपेशी शिल्लक राहिल्या असाव्यात,’ असे डॉक्टर म्हणाले. एवढ्या मूठभर पेशी प्रतिकारशक्तीला का मारता येत नाहीत? – एक वाचक, सांगली

उत्तर : कारण प्रतिकारशक्तीचाच एक भाग त्यांच्या बाजूने उभा असतो. गाठीतल्या सर्व पेशी सारख्या नसतात. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगातील पेशी वेगवेगळ्या करून उंदरांना टोचल्या, तेव्हा विशिष्ट खुणा असलेल्या जेमतेम १०० पेशींपासून नवी गाठ वाढली. इतर हजारो पेशींपासून ती वाढली नाही. नवी गाठ उभी करू शकणाऱ्या अशा पेशींनाच कर्करोगाच्या मूळपेशी म्हणतात. त्यांच्यापैकी अनेक सावकाश विभागतात आणि त्यामुळे विभागणाऱ्या पेशींवर घाव घालणाऱ्या केमोथेरपीतून निसटतात.

आता त्यांच्या राखणदारांविषयी. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी मुळात आपल्या हिताच्याच असतात. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. त्यातल्या आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी नसत्या, तर शरीराने स्वतःवरच हल्ला चढवला असता, आणि या विषयावरील संशोधनालाच २०२५ चे नोबेल मिळाले. गाठ याच व्यवस्थेचा गैरफायदा घेते. मूळपेशी रासायनिक संदेश सोडून अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दमनकारी पेशींना बोलावून घेतात. या पेशी आर्जिनिन हे अमिनो आम्ल फस्त करतात आणि त्याविना कर्करोगावर हल्ला करणाऱ्या टी-पेशींची वाढ खुंटते. म्हणजे सैन्य पोचते, पण शिधा आधीच संपलेला असतो.

परंतु गोष्ट नुसत्या राखणीवर थांबत नाही, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. अंडाशयाच्याच कर्करोगावरील २०१३ मधील एका अभ्यासात असे दिसले की, दमनकारी पेशींच्या सहवासात कर्करोगाच्या पेशींमध्ये मायक्रोआरएनए-१०१ हा जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारा छोटा रेणू वाढतो, मूळपेशींच्या जनुकांना दाबून ठेवणारे एक प्रथिन त्यामुळे घटते, आणि साध्या कर्कपेशीही मूळपेशींसारख्या वागू लागतात. त्यामुळे शिल्लक पेशी मोजक्याच होत्या, असे गृहीत धरता येत नाही. त्यांच्यात भर पडू शकते.

टी-पेशींचा ब्रेक सोडवणारी औषधे अंडाशयाच्या कर्करोगात एकटी वापरल्यास फारशी प्रभावी ठरलेली नाहीत, त्याचे एक कारण हा दमनकारी पहारा मानला जातो. आपल्या आईच्या बाबतीत मात्र दीड वर्षाचे अंतर महत्त्वाचे आहे. केमोथेरपीतील प्लॅटिनमयुक्त औषधाच्या शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने आजार उलटल्यास तीच औषधे पुन्हा लागू पडण्याची शक्यता बरीच असते. ती तारीख आणि बीआरसीए (अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या) जनुकाच्या तपासणीचा अहवाल डॉक्टरांसमोर ठेवून पुढील उपचार विचारावेत.