शेवळं रानात कशी ओळखायची? आणि भाजी खाल्ल्यावर घसा का खाजतो?

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या कंदाचा फुलोरा. ठाणे, पालघर, रायगडकडे पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून सरळ कोंब वर येतो. तेव्हा पान नसतं, ते नंतर फुटतं. तपकिरी-जांभळट आवरण आणि त्यातून वर आलेला लांब दांडा, ही खूण. त्याच दिवसांत सापकांदाही उगवतो. त्याचं आवरण नागाच्या फडीसारखं पुढे झुकलेलं असतं. तो विषारी, हात लावू नका. पहिल्या वर्षी तरी स्वतः खुडू नका, बाजारात बसणाऱ्या आदिवासी मावशींकडूनच घ्या आणि त्यांनाच नीट विचारा.

खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून हाताला तेल लावून बाहेरची जून सालं काढा. आत खालच्या बाजूला पिवळा दाणेदार भाग दिसेल, तो पूर्ण कापून टाका. बहुतेकांची चूक इथेच होते. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता. मग काकडं ठेचून त्यांचा रस घाला. ही आंबट हिरवी फळं शेवळांच्या वाट्याशेजारीच विकायला असतात. नाही मिळाली तर चिंचेचा कोळ, पण सढळ हाताने. अर्धवट शिजलेली भाजी चाखूनसुद्धा बघू नका.