मामाजींना सोरायसिस आहे, त्यांचं ताट-टॉवेल वेगळं ठेवावं का?

नाही, गरज नाही. सोरायसिस शिवल्याने, सोबत जेवल्याने किंवा टॉवेलमधून लागत नाही. यवतमाळकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीवर असतो, दर हिवाळ्यात हा प्रश्न येतोच. यात पसरणारा जंतू नसतो: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते, सुमारे महिन्याभरात बदलणारी कातडी 3-4 दिवसांत तयार होऊ लागते आणि चंदेरी पपुद्रे साचतात. कल बऱ्याचदा घराण्यात असतो, पण भडकायला निमित्त लागतं: घशाचा संसर्ग, ताण, दारू, तंबाखू, कोरडी थंडी, काही औषधं. कातडीला इजा झाली तरी पुरतं; कापूस वेचताना पऱ्हाटीने ओरबाडलं, तिथेच नवा चट्टा उठू शकतो. ‘चार दिवसांत साफ’ म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचणाऱ्यांकडे मात्र नेऊ नका, असर उतरला की सोरायसिस आधीपेक्षा जोरात उसळू शकतो. फक्त हा सोरायसिसच आहे याची आधी त्वचेच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या: कडेने लाल, मधून साफ होत जाणारा गोल चट्टा गजकर्ण असू शकतो, आणि ते टॉवेलमधून घरभर फिरतं.